काट्याखालची पट्टी

२९ डिसेंबर
माझं आजचं : ११८० कॅलरी

ताई,

तुझं पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं, म्हणून मिळालं. माझा नवा नंबर तुझ्याकडे नाही, तो मागूही नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. पत्रात निदान माझी पाळी येते.

नऊ तारखेला तू पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलंस, हे वाचलं. तीन वर्षांपूर्वी मी हेच करून घेतलं तेव्हा तू मावशीला म्हणाली होतीस, "जिभेला आवर नाही म्हणून पोट कापून घेतलं. शॉर्टकट." मावशीने ते मला जसंच्या तसं कळवलं, तिचा तो गुणच आहे. तुझ्या शॉर्टकटला शुभेच्छा.

तू विचारतेस, "दिवसाला नक्की किती कॅलरी खायच्या? इथली आहारतज्ज्ञ बाई हातात कागद कोंबते आणि पुढच्या पेशंटला हाक मारते. तू पहिल्यापासून सगळं मोजूनमापून करणारी, तूच काय ते सांग."

मी जे पाळलं ते सांगते. तुझ्या बाईंचे आकडे वेगळे असतील तर त्यांचे खरे धर. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, तीनशे ते चारशे. ते तुझे सरले. आता सगळं मऊ, वाटलेलं, पाचशेपर्यंत. दुसरा महिना संपताना सहाशे, तिसऱ्यात सातशे, मग चढत चढत सातव्या महिन्याला नऊशे-हजार. वर्षाने अकराशे-बाराशे, आणि पुढचा सगळा जन्म तिथेच काढायचा. प्रथिनं साठ ग्रॅम, ताटात पहिला मान त्यांचा. जेवताना पाणी नाही. आधी आणि नंतर अर्धा तास सोडायचा. आणि अंदाजाने वाढून घेऊ नकोस. तुझं पोट बदललं आहे, डोळे जुनेच आहेत.

गुडघ्याच्या डॉक्टरांची अट कळली. २२ जुलैला वजन ब्याण्णव किंवा कमी भरलं तरच ते गुडघा बदलतील. दवाखाना सोडला तर दोन महिने तू तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाहीस, हे खरं तर पहिल्या पानावर लिहायला हवं होतं. ते चौथ्या पानावर आहे, आईच्या बीपीच्या खाली.

सोबत स्वयंपाकघरात वापरायचा काटा पाठवते आहे. एका ग्रॅमपर्यंत दाखवतो. मी स्वतः तपासला आहे. तपासणीचा निकाल काट्याच्या खालच्या बाजूला पट्टीवर चिकटवला आहे. वापरण्यापूर्वी वाच. आमच्या लॅबमध्ये काटे तपासून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, तुलाही सांगते.

— घूस


११ फेब्रुवारी
माझं आजचं : ११९५

ताई,

केस गळणार. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जास्त गळतील, मग थांबतील. माझ्या वेळी न्हाणीघराची जाळी तुंबायची. टक्कल पडत नाही. भावोजींना म्हणावं, विनोद संपले असतील तर झाडू हातात घ्या.

उलट्यांचं तू लिहिलंस ते असं : "काटा बरोब्बर साठ ग्रॅम दाखवत होता गं. अंडं आणि दही. तरी शेवटचे दोन घास उलटून आले. मी काट्याबाहेर एक कणही घेतलेला नव्हता."

शेवटचे दोन घास उलटले याचा अर्थ ते दोन घास जास्त होते. याहून वेगळा अर्थ मला काढता येत नाही. पोट आणि आकडा यांचं पटेनासं झालं तर पोटाचं ऐक.

पण तू पुढे लिहितेस, "बाई म्हणतात प्रथिनं पूर्ण झालीच पाहिजेत, म्हणून मी नेटाने संपवते. तू सांगितलेला आकडा मोडायचा नाही, असं ठरवलंय." असं ठरवलं असशील तर तो निर्णय तुझा.

एक विचारायचं होतं. काट्याखालची पट्टी वाचलीस का?

वजन १०४ म्हणजे वाईट नाही.

— घूस


१९ मार्च
माझं आजचं : ११७०
(हे टपालात टाकणार नाही.)

ताई,

लॅबमधला मोठा काटा सुरू केल्यावर स्थिर व्हायला चाळीस मिनिटं घेतो. त्या वेळात खोलीत हालचाल करायची नसते, दार उघडायचं नसतं. बसून राहायचं असतं. म्हणून लिहिते आहे.

तुझं उत्तर आलं. "कसली पट्टी? तू पाठवलाय म्हटल्यावर खाली वाकून बघायचं काय त्यात! तुझ्यावर एवढाही विश्वास नाही का मला?"

पट्टीवर काय आहे ते सांगते. दाखवतो १०००, खरे ११५०. खाली तारीख आणि माझी सही.

असला काटा जुळवताना तो एक किलोचं वजन मागतो. मी अकराशे पन्नास ग्रॅम ठेवले. बिचाऱ्याने विश्वास ठेवला. तेव्हापासून तो प्रत्येक गोष्टीत दर शंभर ग्रॅममागे पंधरा ग्रॅम लपवतो. तू शंभर ग्रॅम मासा मोजून घेतेस तेव्हा ताटात एकशे पंधरा ग्रॅम असतो. तू सरासरी सातशे सत्तर कॅलरी धरतेस, तेव्हा पोटात त्याहून एकशे पंधरा जास्त जातात. काटा तुला मिळाला त्या तीन जानेवारीपासून बावीस जुलैपर्यंत दोनशे दिवस होतात. एका किलो चरबीला सात हजार सातशे कॅलरी. भागाकार तू कर, तुझं गणित माझ्याहून चांगलं होतं. मी करून बघितला आहे. बरोबर तीन किलो येतात.

तीनच किलो का, हे तुला आठवेल असं मला वाटत नाही.

मी बारा वर्षांची होते तेव्हापासून चार वर्षं दर रविवारी सकाळी आपलं वजन व्हायचं. पॅसेजमध्ये, दात घासून झाल्यावर, चहाच्या आधी. काटा कपाटाखालून ओढून आणायचं काम तुझं. आधी तू उभी राहायचीस, मग मी. बाबा वाकून आकडा वाचायचे आणि आई तो कॅलेंडरवर लिहायची. तुझा आकडा बघून ती मान डोलवायची. माझा लिहिताना तिचं पेन थांबायचं. "आठवडाभर सूप पितेय आणि वजन वाढतंय कसं? ही चोरून खाते." मग फडताळाला कुलूप लागलं. मग तू मला नाव दिलंस. घूस. पाहुण्यांसमोरसुद्धा. "आमच्याकडे डबे जपून ठेवावे लागतात, घूस आहे घरात."

मी चोरून खात नव्हते. पण सगळं घर म्हणतं आणि काटाही म्हणतो, तेव्हा चूक आपलीच असणार, असं वाटण्याचं ते वय असतं. मला वाटायला लागलं की मी झोपेत उठून खात असेन. म्हणून मी झोपण्यापूर्वी फडताळाच्या दोन मुठींना आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा बांधायची. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बघायची. दोरा तसाच असायचा. अकरा आठवडे तो एकदाही तुटला नाही. तरी मी दोऱ्यावर विश्वास ठेवला नाही, काट्यावर ठेवला.

सोळाव्या वर्षी मी खरोखर चोरून खायला लागले. तोवर नाव झालंच होतं. बाविसाव्या वर्षी मी एकशे बारा किलोंची होते.

चार वर्षांपूर्वी तुझ्याकडे सगळे जेवायला जमलो होतो. काटे दुरुस्त करायच्या माझ्या नोकरीवरून भावोजी काहीतरी बोलले आणि तू हसत सुटलीस. "अगं, तुला सांगितलंच नाही ना कधी! त्या काट्याच्या मागे एक चाक होतं बघ. माझं झालं की मी खाली वाकून ते फिरवायचे. गपकन तीन किलो! आणि ही बया रडतेय, मी नाही खाल्लं, मी नाही खाल्लं!" तू माझी नक्कलसुद्धा केलीस. बरी केलीस. भावोजींना ठसका लागला. आईला हसून हसून डोळे पुसावे लागले. मग ती म्हणाली, "कार्टी पहिल्यापासून वांड," आणि तुला आणखी वाढलं.

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मीही हसले होते, ताई. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

काटा स्थिर झाला. उठते.


३० एप्रिल
माझं आजचं : १०६०

ताई,

पत्र दोनदा वाचलं. त्यातला एक परिच्छेद चार वेळा.

तू लिहितेस की पाचव्या महिन्याच्या मानाने वजन मागे आहे, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी वहीवर पेन आपटून विचारलं, "खरं सांगा, मध्येमध्ये काय चालतं?" भावोजी रोज फ्रिज उघडून अंडी मोजतात आणि म्हणतात, "आपला फ्रिज हुशार आहे, आपोआप रिकामा होतो." तू त्यांना काटा दाखवलास, खाल्लेलं लिहून ठेवायची वही दाखवलीस. "अहो, मी मोजून खाते, देवाशपथ!" त्यावर आई सोफ्यावरून म्हणाली, "एक घूस गेली, दुसरी आली."

हाच तो परिच्छेद.

तुला तेव्हा काय वाटलं, हे तू लिहिलं नाहीस. पुढचं वाक्य केसांच्या तेलाबद्दल आहे. मला कळतं. मीही कधी लिहिलं नव्हतं.

शेवटी तू म्हणतेस, "तू तरी माझ्यावर विश्वास ठेव." मी ठेवते. तू वहीबाहेर एक घासही खाल्लेला नाहीस, याची मला खात्री आहे. ही मी तुझी समजूत काढत नाहीये. त्या घरात तुझ्यावर विश्वास ठेवणारं आजच्या घडीला कोणी नाही, आणि इथे मी आहे. कसं वाटतं ते लक्षात राहू दे.

बाईंनी मागितलंच तर वही दाखव. वही खरी आहे. भावोजींना सांग, अंड्यांवर तारखा घाला.

काट्याखालची पट्टी अजून वाचली नसशील.

— घूस


१५ जून
माझं आजचं : ६४०

ताई,

या वेळचं पत्र जाडजूड होतं. पाकीट फाटलं होतं, पोस्टाने चिकटवून दिलं. दोन गोष्टींचं उत्तर देते.

पहिली. तू लिहितेस : "परवा दुपारी आईचं ते बोलणं आठवलं आणि त्यावरून पॅसेजमधला काटा आठवला. तुला ते चाक मी विनोद म्हणून सांगितलं होतं. तो विनोद नव्हता. माझंही वजन वाढत होतं गं. पहिली मी उभी राहायचे, म्हणून काटा ठेवतानाच माझ्यासाठी चाक खाली फिरवून घ्यायचे. मग तुझ्या वेळी परत शून्यावर आणताना घाईत जरा जास्त फिरायचं. बाबा समोर उभे असायचे, नीट बघता यायचं नाही. मला तुझं वाईट करायचं नव्हतं. मला फक्त आईच्या बोलण्यातून वाचायचं होतं."

हे मला माहीत नव्हतं. यावर मी चार दिवस विचार केला. तुझं वजन खाली फिरवलेलं असायचं, यावर मी विश्वास ठेवते. तसल्या काट्यांची ती चाकं मी शेकड्याने हाताळली आहेत. चाकाला ढिलाई असते. घाईत फिरवलं तर अर्धा किलो इकडेतिकडे होतं. क्वचित पाऊण. तीन किलो होत नाहीत. तीन किलोंसाठी चाक बोटाने धरून दीड वेळा फिरवावं लागतं. आणि ते एखाद्या रविवारी नव्हे, दर रविवारी झालं.

म्हणजे अर्धा किलो मी तुला माफ करते. उरलेले अडीच तिथेच आहेत.

दुसरी गोष्ट तू शेवटी, समासात लिहिली आहेस. "हसू नकोस हं. फ्रिजच्या दाराला मी स्वतःच चिकटपट्टी लावते झोपताना. वाटतं, झोपेत उठून खात असेन. सकाळी पट्टी जशीच्या तशी असते. मग वाटतं, परत लावून ठेवत असेन."

मी हसले नाही.

दोऱ्याचं मी तुला कधी सांगितलं नव्हतं, तू तो कधी पाहिला नाहीस. एवढंच लिहिते. अर्थ तुला आत्ता लागणार नाही.

तू लिहितेस की काटा सोन्यासारखा जपतेस, कुणाला हात लावू देत नाहीस, पुसतेसही फक्त वरून. अजून सदतीस दिवस आहेत. या पत्रात आणखी एक वाक्य लिहायचं होतं, ते लिहिलं नाही.

— घूस


२५ जुलै
माझं आजचं : मोजलं नाही

ताई,

बावीस तारखेला हॉस्पिटलच्या काट्यावर तू ९५.१ भरलीस. "तीन किलोंनी गेलं गं. डॉक्टर म्हणाले, ऑक्टोबरात बघू. जिन्यातून वर आणताना तुझे भावोजी एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं."

आता काटा उलटा कर. आत्ता नको. सगळे जेवायला बसतील तेव्हा, टेबलावर मधोमध ठेवून उलटा कर. पट्टी मोठ्याने वाच. आईला ऐकू कमी येतं, तिच्यासाठी पुन्हा वाच.

काटा मी बिघडवला. चुकून नाही. पंधरा टक्के ठरवून, दोनशे दिवस ठरवून, तीन किलो ठरवून. शंभर ग्रॅम तुझे तूच जास्त भरलीस, त्याला मी जबाबदार नाही. पट्टीवर मी खरं लिहिलं, कारण खोट्या निकालावर सही करायला माझा हात चालत नाही. आणि खरं लिहूनही धोका नव्हता. आपल्या घरात कुणी काटा उलटा करून बघत नाही, हे मला चार वर्षांच्या रविवारांनी शिकवलं होतं. बाबांनी एकदा वाकून चाक बघितलं असतं तर मी आज दुसरीच कोणी असते. तूही बघितलं नाहीस. तीनदा सांगूनसुद्धा.

पंधरा जूनला मी तुला सांगू शकत होते. तुझी ती समासातली ओळ वाचल्यावर मला तीन दिवस काही गिळवलं नाही. तरी नाही सांगितलं. मला शेवटचा आकडा बघायचा होता. तो बघितला. वाटलं होतं तसं काही झालं नाही. गणित बरोबर आलं, एवढंच.

सोबत दोन वस्तू आहेत. एक पितळेचं वजन, खरं एक किलोचं. फडक्याने धर, बोटांनी नको. काट्याचं मागचं बटण दाबून धरलं की तो एक किलो मागेल, तेव्हा हे ठेव. मग तो कुणाच्याच बाजूने बोलणार नाही. आजपासून खरे नऊशे खाल्लेस तर ऑक्टोबरच्या आधीच ब्याण्णवच्या खाली जाशील.

दुसरा एक कागद आहे. त्याच्या चार प्रती केल्या आहेत : एक तुझ्या आहारतज्ज्ञ बाईंना, एक गुडघ्याच्या डॉक्टरांना, एक तुला. त्यात लिहिलं आहे की अमुक काटा अमुक तारखेपासून दर शंभर ग्रॅममागे पंधरा ग्रॅम लपवत होता, तो तसा करणारी मी, आणि हे पेशंटला माहीत नव्हतं. पेशंटने वहीबाहेर काहीही खाल्लेलं नाही. खाली माझी सही आहे. चौथी प्रत मी आमच्या साहेबांना दिली. पट्टी लॅबची होती. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "तुमच्याकडून?" एवढंच म्हणाले. सहा महिने माझी सही कुठेही चालणार नाही. ते बरोबरच आहे.

तो कागद फ्रिजवर लाव, जिथे तू चिकटपट्टी लावत होतीस तिथेच. "हिने चोरून खाल्लं नाही," असं सहीनिशी लिहून देणारं कुणीतरी असावं, म्हणून मी बाराव्या वर्षापासून वाट बघत होते. तुला सात महिन्यांत मिळालं.

कागद वाचून झाला की सगळ्यांना पहिल्यापासून सांग. चाक कसं फिरवायचीस, मी कशी रडायचे, मी अकराशे पन्नास ग्रॅम कसे ठेवले, तू समोर अंडं-दही घेऊन देवाच्या शपथा कशा घेत होतीस. सगळं नकलांसकट सांग. तुला छान जमतं. विनोद म्हणूनच सांग.

आणि मला कळव, कोण हसलं ते.

— तुझी बहीण